कुठंतरी पाणी मुरतंय

हातमोज्यांच्या कारखान्याच्या फाटकावर ती अठ्ठावीस वर्षं बायकांची झडती घेत होती. पाळी सुटली की बायका रांगेनं यायच्या, हात आडवे करून उभ्या राहायच्या, आणि ती खांद्यापासून घोट्यापर्यंत चाचपून एकेकीला सोडायची. चामड्याचे तुकडे, दोऱ्याची रिळं, कधी अख्खा हातमोजा. वेणीत, बुटात, डब्याच्या झाकणाखाली, काय काय म्हणून सापडलं नाही तिला! पगारपत्रक सोडलं तर तिचं खरं नाव कारखान्यात कुठंच उरलं नव्हतं. सगळ्या तिला झडतीबाई म्हणत. ती समोर नसली की आणखीही बरंच काही म्हणत.

"हातांकडे बघत बसायचं नाही," नव्यानं लागलेल्या पहारेकरणीला ती शिकवायची. "हात पढवलेले असतात. गळ्याकडे बघायचं. खोटं बोलणारी आधी आवंढा गिळते."

अशाच एका संध्याकाळी शिवणखात्यातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या रुमालात तिला एक पान सापडलं. अंगठ्याएवढं, जाडजूड, राखाडी-हिरवं. साहेबांच्या खिडकीतल्या कुंडीतलं होतं.

"खाली पडलं होतं हो," म्हातारी म्हणाली आणि तिनं आवंढा गिळला.

जप्तीच्या वहीत पानासाठी रकाना नव्हता. झडतीबाईनं ते आपल्या कोटाच्या खिशात टाकलं आणि विसरून गेली. तीन आठवड्यांनी किल्ली शोधताना ते हाताला लागलं. देठाच्या टोकाला केसासारखी गुलाबी मुळं फुटली होती आणि मुळांपाशी मुगाएवढं नवं रोप बसलं होतं. ना माती, ना पाणी, ना ऊन. ती तिथंच जिन्यात उभी राहिली. कुणाकडे काही न मागता, कुणाचं काही न उचलता जगणारं असं कुणी तिला उभ्या जन्मात भेटलं नव्हतं.

तिथून तिला सक्युलंटचा, म्हणजे अशा जाड, पाणी साठवणाऱ्या पानांच्या झाडांचा, नाद लागला. निवृत्त झाली तेव्हा तिच्याकडे त्रेचाळीस कुंड्या होत्या. गुलाबाच्या फुलासारखी उमललेली, पांढऱ्या पट्ट्यांची, मण्यांच्या माळेसारखी लोंबणारी, आणि दोन तर अशी, की नवखा माणूस कुंडीत गारगोट्या ठेवल्यात म्हणेल. उन्हाळाभर ती सगळी बाहेरच्या सज्जात असत. पहिलं दंव पडायच्या आत ती त्यांना एकेक करून खोलीत आणायची आणि दक्षिणेकडच्या मोठ्या खिडकीपाशी फळ्यांवर तीन ओळींत मांडायची. मग चार महिने तिची कडक शिस्त. पाणी पाच आठवड्यांतून एकदा, तेही अर्धी वाटी, सकाळच्या वेळी, माती तळापर्यंत कोरडी असेल तरच. खत नाही. हीटरपासून चार हात लांब. दर रविवारी प्रत्येक कुंडी पाव वळसा फिरवायची, म्हणजे झाड उजेडाकडे कलंडत नाही. पानांवरची धूळ रंगाच्या मऊ ब्रशनं झाडायची. आदल्या हिवाळ्यात खिडकीच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यानं चार रोपांची पानं करपली होती, म्हणून या वर्षी तिनं चौकटीला चारही बाजूंनी रुंद टेप चिकटवून टाकली. वाऱ्याची झुळूक म्हणून आत यायला जागा ठेवली नाही.

आणि त्याच हिवाळ्यात भावजय राहायला आली.

भावजय म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती. इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुण्यात आयुष्य गेलेली, ठेंगणी, गोल चेहऱ्याची, सतत काहीतरी पुटपुटत काम करणारी बाई. थंडीनं तिच्या घरातला नळ फुटला, रात्रभर पाणी वाहिलं आणि लाकडी जमीन फुगून वर आली. दुरुस्तीला फेब्रुवारी उजाडेल असं सुतार म्हणाला. दोघींचं एकमेकींवाचून कधी अडलं नव्हतं. भाऊ होता तोवर मधे पूल होता, नंतर दोघी दोन काठांवर. पण थंडीत तिला दुसरीकडे कुठं जा म्हणणार?

पहिल्याच दिवशी झडतीबाईनं तिला खिडकीपाशी नेलं. "यांना हात लावायचा नाही. पाणी तर अजिबात नाही."

"महिना महिना पाणी नाही? वन्सं, जीव आहे हो त्यांना."

"आहे म्हणूनच. थंडीत ती झोपतात. झोपलेल्याच्या तोंडात कुणी पाणी ओततं का?"

"आमच्या इस्पितळात ओतायचे," भावजय म्हणाली आणि स्वतःच हसली. झडतीबाई हसली नाही.

तीन आठवड्यांनी पहिलं झाड गेलं. पुढच्या ओळीतलं, गुलाबासारखं. सकाळी तिनं सहज बोट लावलं तर खालचं पान गळून हातात आलं. काचेसारखं पारदर्शक, आत नुसतं पाणी. खोड काळं पडलं होतं. तिनं कुंडीत लाकडी काडी खुपसली. काडीला ओली माती चिकटून आली. पाणी देऊन चोवीस दिवस झाले होते.

झडतीबाईच्या मनात पाल चुकचुकली.

ती काही बोलली नाही. बोलायचं नसतं, हे तिला अठ्ठावीस वर्षांनी शिकवलं होतं. संशय बोलून दाखवला की चोर सावध होतो. तिनं फक्त पाण्याच्या झारीवर आतून पेन्सिलीनं रेघ मारली आणि पाणी रेघेपर्यंत भरून ठेवलं. चार दिवसांनी पाहिलं, तर पाणी रेघेला तस्सं. दुसऱ्या कुणाला यातून भावजयीची सुटका दिसली असती. झडतीबाईला तिची हुशारी दिसली. म्हणजे बाई झारीला हात लावत नाही, स्वयंपाकघरातला पेला वापरते.

मग तिनं स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर काढला. भावजय अंघोळीला गेली की एकेक कुंडी तोलायची, खडूनं बुडाशी आकडा लिहायचा. पाच दिवसांनी पुन्हा. मधल्या आणि मागच्या ओळीतल्या कुंड्या चार-दोन ग्रॅमनी हलक्या झाल्या होत्या, जशा व्हायला हव्यात. पण काचेजवळच्या पुढच्या ओळीतल्या चौदा कुंड्यांपैकी अकरा जड झाल्या होत्या. न पाजता कुणी वजन वाढवतं का? कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि कोण मुरवत होतं हे सांगायला ज्योतिषी नको होता. घरात माणसं दोनच.

आता तिला भावजयीचं सगळंच दिसू लागलं. ती रोज कपडे धुते आणि हीटरवर दोरी बांधून खोलीतच वाळत घालते. म्हणजे हातात सतत ओलं काहीतरी असतंच, कुणी विचारलं तर सबब तयार. झडतीबाई खोलीत आली की ती दचकते. काही विचारलं की आवंढा गिळते. कोरड्या हवेनं तिचा घसा धरला होता, ती दिवसातून दहादा खोकायची, पण आवंढा तो आवंढा.

एके दिवशी झडतीबाईनं कुंड्यांसमोर एक पांढरा दोरा ताणून बांधला, गुडघ्याच्या उंचीवर, चटकन दिसणार नाही असा. बाजारातून परत आली तर दोरा तुटलेला.

"खिडकीपाशी गेली होतीस?" कोट न काढताच तिनं विचारलं.

"हो, काच पुसली," भावजय म्हणाली. "केवढी घामेजली होती! धारा लागल्या होत्या नुसत्या. म्हटलं, वन्सं येईपर्यंत पुसून काढावी."

"कुणी सांगितलं होतं?"

"काच पुसायला कुणी सांगावं लागतं का?"

हे उत्तर झडतीबाईनं ऐकलं आणि सबब म्हणून मनातल्या वहीत टिपून ठेवलं. त्यातला शब्दन् शब्द खरा असेल असा विचार तिला शिवलाही नाही. चोर नेहमी काहीतरी पुसत असतो, एवढंच तिला आठवलं.

आणखी दोन झाडं गेली. एकाचा वरचा शेंडा धड होता, तो तिनं कापला, जखम सुकावी म्हणून कागदावर कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. ज्या घरात कधी चहाच्या डब्यालासुद्धा झाकण नीट लागत नव्हतं, तिथं आता झाडाचा शेंडा कुलुपात होता. कुलूप लावल्याचा आवाज भावजयीनं ऐकला. त्या दिवशी जेवताना ती पुटपुटली नाही.

त्यानंतर भावजय दुपारची बाहेर जाऊ लागली. जेवणं झाली की कोट चढवायची, काळी कापडी पिशवी उचलायची, "जरा पाय मोकळे करून येते" म्हणायची आणि दोन-दोन तास गायब. बाहेर अंगावर काटा आणणारी थंडी. अशा थंडीत पाय मोकळे होतात की आखडतात? परत आली की पिशवी उशाशी ठेवायची, उघडी टाकायची नाही. एकदा झडतीबाई अचानक खोलीत शिरली तेव्हा तिनं पिशवी पाठीमागे घेतली.

पाठीमागे! एवढं दिसल्यावर झडतीबाईला आणखी काय हवं होतं? तिची खात्रीच पटली. झाडं मारायची आणि वर चांगली रोपं नेऊन कुणाला तरी द्यायची. मोजल्या तर कुंड्या पुऱ्या भरत होत्या, पण पानांची मोजदाद कुणी केली होती? एका पानाचं झाड होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

एका दुपारी भावजय बाहेरून आली, पिशवी पलंगावर ठेवून हात धुवायला गेली, आणि झडतीबाईनं पिशवी उघडली. हात सराईत होते. तळाशी आधी, मग शिवणीत, मग आतला कप्पा. घशाच्या गोळ्या. रुमाल. वर्तमानपत्राची कात्रणं, टाचणीनं एकत्र केलेली. 'एकट्या बाईसाठी खोली.' 'तळमजला, स्वयंपाकघर सामाईक.' काहींभोवती पेन्सिलीचं वर्तुळ, काहींवर फुली. एका कात्रणाच्या कडेला भावजयीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं : 'ओल आहे, पण मालकीण हसतमुख.'

दारात भावजय उभी होती. हात ओले होते, टॉवेल खांद्यावर.

मग भावजय दोन पावलं पुढं आली आणि तिनं दोन्ही हात आडवे पसरले, कारखान्यातल्या बायका पसरायच्या तसे.

"घ्या वन्सं. अंगाचीही घेऊन टाका. निम्मीच कशाला राहायला हवी?"

"तू... खोली बघतेस?"

"मग काय करू? तीन आठवडे मी या घरात पावलं मोजून चालतेय. पाणी प्यायला उठले तरी तुम्ही पेल्याकडे बघता. कपाटाला कुलूप लावता. माझा नवरा असता तर म्हणाला असता, ताईचा स्वभावच तसा आहे. पण तो नाही आता, आणि स्वभावाला औषध नाही."

"झाडं मरतायत. कुंड्या ओल्या आहेत. तू नाहीस तर कोण?"

"मी नाही घालत पाणी."

झडतीबाईनं तिच्या गळ्याकडे पाहिलं. तो हलला नाही. आणि तरीही, हे सांगायला हवं, तिला ते खरं वाटलं नाही. सराईत असेल, असंच तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय आपली बॅग घेऊन लाँड्रीतल्या जुन्या मैत्रिणीकडे गेली. जाताना दोरीवरचे कपडे काढले, दोरीही सोडून गुंडाळून ठेवली. "येते," म्हणाली नाही, "जाते" म्हणाली.

झडतीबाईनं दार लावलं, सगळ्या कुंड्या तोलल्या, नवे आकडे लिहिले. तिला हायसं वाटलं. आता तरी झाडं सुटली.

चौथ्या दिवशी तिनं पुन्हा काटा काढला. पुढच्या ओळीतली पहिली कुंडी नऊ ग्रॅमनी जड. दुसरी सहा. तिसरी अकरा. वाढ आधीपेक्षा कमी होती, पण होती. तिनं काटा तपासला, मिठाचा पुडा ठेवून पाहिला. काटा बरोबर होता. घराची किल्ली एकच, तीही तिच्या गळ्यात. ती खुर्चीवर बसली. घरात आता माणूस एकच होतं, आणि त्या माणसाची झडती आजवर कुणी घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास तिनं खुर्ची खिडकीसमोर मांडली आणि बसून राहिली. बाहेर छपरं पांढरी झाली होती. काच आतून धुरकट होती. उजेड वाढला तसा काचेवर वरच्या कोपऱ्यात एक थेंब जाड झाला, घसरला, वाटेतल्या थेंबांना पोटात घेत खाली आला आणि चौकटीवर थांबला. त्याच्यामागून दुसरा. मग दहा. मागच्या वर्षापर्यंत ते पाणी चौकटीच्या फटीतून बाहेर निघून जात असे. या वर्षी तिथं टेप होती, तिनं स्वतः अंगठ्यानं दाबून दाबून बसवलेली. पाणी टेपेपाशी साचलं, फळीच्या उताराला लागलं आणि सावकाश पुढच्या ओळीतल्या कुंड्यांखालच्या बशांमध्ये उतरलं. कुंड्या बुडाच्या भोकांतून ते मुकाट्यानं पीत होत्या. वर मातीला हात लावला तर कोरडी. खाली चिखल, तोही बर्फासारखा गार.

वाफेला बाहेर जायला वाट नव्हती. किटलीची, श्वासाची, अंघोळीची आणि रोज दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांची वाफ सगळी काचेवर. "केवढी घामेजली होती," भावजय म्हणाली होती. "धारा लागल्या होत्या." आरोपीनं भर दिवसा सगळं सांगितलं होतं आणि तपासणारीनं ऐकलं नव्हतं.

झडतीबाई उठली आणि तिनं नखानं टेप खरवडायला सुरुवात केली. सगळ्या कुंड्या काचेपासून वीतभर मागे घेतल्या, बशा उपड्या केल्या. पुढच्या ओळीतली रोपं उपटून मुळं पाहिली. पाच तर गेलीच होती. बाकीच्यांची कुजकी मुळं कापून तिनं ती वर्तमानपत्रावर सुकायला मांडली.

मैत्रिणीचं घर दोन चौक पलीकडे होतं. दार भावजयीनंच उघडलं. झडतीबाईनं आयुष्यात कधी कुणाची माफी मागितली नव्हती. त्या कामाला लागणारे शब्द तिच्याकडे नव्हते. तिनं खिशातून चुरगळलेल्या टेपेचा गोळा काढला आणि तिच्यापुढं धरला.

"हे काय?"

"टेप. खिडकीची. मीच लावली होती." मग तिनं थेंबापासून बशीपर्यंत सगळं सांगितलं, जबानी द्यावी तसं, काही न गाळता.

भावजयीनं शेवटपर्यंत ऐकलं. "मला कशाला दाखवता? खिडकीला दाखवा." मग म्हणाली, "माझे कपडेही रोज तिथंच वाळत होते की. निम्मी वाफ माझी. सगळं स्वतःवर घेऊ नका, एवढा मान नको तुम्हाला."

"परत ये."

"मी इथं बरी आहे."

"ये. तुझी पिशवी... मी बघणार नाही."

"बघणार नाही म्हणजे? पिशवी खुंटीला दिसली तरी मान वळवायची. आणि कपाटाचं कुलूप काढायचं. आणि रोज तासभर खिडकीची वरची झडप उघडी. माझा घसा बसला त्या कोंदट हवेनं."

"तासभर नको. थंडी लागेल त्यांना. पंधरा मिनिटं."

"अर्धा तास."

अर्ध्या तासावर ठरलं. बॅग झडतीबाईनं उचलली. दोघी रस्त्याला लागल्या. बर्फ करकरत होतं. वळणाशी आल्यावर भावजय एकदम म्हणाली, "एक सांगू? रागवायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी घातलं होतं पाणी. एकदाच. त्या दगडांना."

झडतीबाई थांबली. "कोणत्या?"

"ते गारगोट्यांसारखे दोन. इतके सुकलेले दिसत होते, बघवेना. पाऊण पेला घातला."

त्यातला एक दगड मधोमध तडकला होता. ती समजत होती, थंडीनं. पाणी घातलं तेव्हा तिनं अजून पाळत ठेवायलाच सुरुवात केली नव्हती. जिचा गुन्हा नव्हता तिच्यामागे ती महिनाभर काटा घेऊन हिंडली, आणि जो गुन्हा झाला होता तो तिच्या डोळ्यांदेखत पचला होता.

"आणखी काय काय केलंस?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"नक्की?"

"चला आता," भावजय म्हणाली. "नाक गळायला लागलं माझं."

फेब्रुवारीत सुतारानं जमीन बसवून दिली आणि भावजय आपल्या घरी गेली. तोवर त्रेचाळीसपैकी एकतीस झाडं उरली होती. कापून सुकवलेल्या शेंड्यांपैकी सात रुजले, ते धरून अडतीस. जाताना भावजयीनं पांढऱ्या पट्ट्यांचं एक रोप मागून घेतलं. झडतीबाईनं ते देताना तीनदा सगळं समजावलं, मग कागदावर लिहून दिलं आणि कागद हरवेल म्हणून त्याची आणखी एक प्रत दिली.

आता ती दर दुसऱ्या रविवारी भावजयीकडे चहाला जाते. भावजय स्वयंपाकघरात वळली की ही खिडकीपाशी जाऊन कुंडीत बोट खुपसते.

"घातलंस?" ती आतल्या खोलीकडे तोंड करून विचारते.

"नाही."

"माती मऊ लागतेय."

"वन्सं, चहा गार होतोय."